तारेआडची माणसे आणि एक परका शब्द

सोलापुरात वस्त्यांची नावे मोठी बोलकी आहेत. जुळे सोलापूर म्हटले की जुन्या शहराच्या पाठीवर जन्मलेले त्याचे भावंड डोळ्यांसमोर येते. जुनी मिल म्हटले की भोंगा आणि पाळीला निघालेली माणसे आठवतात. चार हुतात्मा चौकाला तर वेगळे काही सांगावेच लागत नाही. पण जुळे सोलापुरातून शहराकडे निघालेल्या रिक्षावाल्याला तुम्ही 'सेटलमेंट' एवढेच सांगितलेत, तरी तो तुम्हाला बरोबर नेऊन सोडतो. हे नाव मात्र आपल्याशी काही बोलत नाही. ते आपल्या तोंडात इतके रुळले आहे की त्याचा अर्थ काय, हा प्रश्न मनात येत नाही.

मराठी घरात या इंग्रजी शब्दाचे चांगलेच संसार आहेत. मुलगा नोकरीला लागला की तो 'सेटल' झाला. भाऊबंदांचा दावा आपसात मिटला की 'सेटलमेंट' झाली. दोन्हीकडे समाधानाचा सुस्कारा आहे. सोलापूरच्या या वस्तीला ज्यांनी हे नाव दिले, त्यांच्या मनात मात्र निराळेच होते. ज्या माणसांना सरकारने जन्मापासून गुन्हेगार ठरवले होते, त्यांना एका जागी आणून तारेच्या कुंपणाआड बसवायचे, याला सरकारी भाषेत सेटलमेंट म्हणत. आत राहणारी माणसे कैदी नव्हती, कारण त्यांच्यातल्या कित्येकांवर कसला खटलाच चालला नव्हता. आणि ती मोकळीही नव्हती, कारण पास घेतल्याशिवाय त्यांना बाहेर पाऊल टाकता येत नव्हते. मग ती होती तरी कोण?

मराठीत या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की शब्दांची वाण पडत नाही, पण नेमका शब्द हाती लागत नाही. कैद आहे, अटक आहे, कारावास आहे, बंदिवास आहे, नजरकैद आहे, स्थानबद्धता आहे. यांतले बहुतेक शब्द कचेरीतून आलेले आहेत. कैद म्हटले की आपल्या मनात लगेच पुढचा प्रश्न येतो, 'कशाबद्दल?' म्हणजे माणूस आत आहे त्या अर्थी त्याने काहीतरी केलेच असणार, हे आपण धरून चालतो. तुरुंग हा शब्द तर, भाषेचे जाणकार सांगतात त्याप्रमाणे, पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या 'त्रोंकू' या शब्दाचा मूळ अर्थ झाडाचे खोड. कैद्याचे पाय ज्या लाकडात अडकवत ते लाकूड, आणि पुढे ती कोठडीच. आपलाही खोडा याच जातीचा.

अशा वेळी कधी कधी परक्या भाषेतला एखादा शब्द उपयोगी पडतो. पोर्तुगीजच्या शेजारची स्पॅनिश भाषा घ्या. तिच्यात एक शब्द आहे, 'काउतिबेरिओ'. कोशात पाहिले तर अर्थ सरळ दिसतो, बंदिवास. पण शब्दाचा खरा अर्थ तो कोणाला लावतात आणि कोणाला लावत नाहीत यावरून कळतो.

<b>धरलेला आणि शिक्षा झालेला</b>

लॅटिनमध्ये 'कापेरे' म्हणजे धरणे, पकडणे. त्यावरून 'काप्तिवूस', म्हणजे धरलेला. त्याचेच स्पॅनिश रूप 'काउतिबो', आणि त्याच्या वाट्याला आलेली स्थिती व काळ म्हणजे 'काउतिबेरिओ'. न्यायालयाने शिक्षा ठोठावलेल्या माणसाला स्पॅनिश माणूस सहसा काउतिबो म्हणणार नाही. त्याच्यासाठी 'प्रेसो' हा वेगळा शब्द आहे. काउतिबो म्हणजे शत्रूच्या, चाच्यांच्या, अपहरण करणाऱ्यांच्या हाती सापडलेला. त्याला कोणी 'कशाबद्दल?' असे विचारत नाही. विचारायचे ते एवढेच, 'कोणी धरले? आणि सुटणार कधी?'

या शब्दामागे स्पेनचा मोठा इतिहास आहे. भूमध्य समुद्रात शेकडो वर्षे दोन्ही किनाऱ्यांवरची जहाजे एकमेकांची माणसे धरून नेत. दंड भरून सोडवून आणायचे, नाही तर ती तिकडेच वल्ही मारत मरायची. अशा माणसांना सोडवण्यासाठी ख्रिस्ती साधूंचे खास संघ बाराव्या-तेराव्या शतकांत निघाले. 'दॉन किहोते'चा लेखक सेर्व्हान्तेस स्वतः या फेऱ्यात सापडला होता. १५७५ साली तो आणि त्याचा भाऊ जहाजाने मायदेशी परतत असताना धरले गेले आणि अल्जिअर्सला नेले गेले. पळून जाण्याचे चार प्रयत्न फसले. पाच वर्षांनी, १५८० मध्ये, अशाच एका संघाच्या साधूंनी दंडाची रक्कम भरून त्याला सोडवले. १६०५ मध्ये निघालेल्या 'दॉन किहोते'च्या पहिल्या भागात एका काउतिबोची लांबलचक कहाणी आहे. हा धरलेला माणूस खाणावळीत येऊन आपली हकिकत सांगतो आणि सगळे आदराने ऐकत बसतात. त्याच्या धरले जाण्याची लाज त्याला वाटत नाही आणि ऐकणाऱ्यांनाही वाटत नाही.

याच शब्दावरून 'काउतिबार' हे क्रियापद झाले. धरून ठेवणे हा पहिला अर्थ, आणि मन मोहून टाकणे हा दुसरा. आपणही मोहपाश म्हणतोच की! गाण्याने खिळवून ठेवले म्हणतो. धरले जाण्यातही गोडी असू शकते, हे दोन्ही भाषांना ठाऊक आहे.

आता याच शब्दाचे शेजारच्या देशांत काय झाले ते पाहा. त्याच लॅटिन 'काप्तिवूस'चे इटालियन रूप आहे 'कात्तीवो'. आज इटलीत या शब्दाचा अर्थ धरलेला असा नाही. त्याचा अर्थ वाईट, दुष्ट, खराब. आई खोडकर मुलाला रागावते तेव्हा हाच शब्द वापरते. सैतानाच्या तावडीत सापडलेला तो वाईट, अशा धार्मिक वळणाने हा अर्थ आला असे सांगतात. फ्रेंचमध्ये त्याचेच 'शेतिफ' झाले, म्हणजे किडकिडीत, मरतुकडा. म्हणजे एका भाषेत धरलेला माणूस धरलेलाच राहिला, दुसरीत तो दुबळा झाला आणि तिसरीत दुष्ट झाला. धरणाऱ्याचे नाव शब्दातून गळून गेले आणि दोष धरलेल्याच्या अंगाला चिकटला.

इटलीत ही वाटचाल व्हायला कित्येक शतके लागली. आपल्याकडे हेच काम एका कायद्याने केले.

<b>कुंपण येण्याआधीचे कुंपण</b>

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तरेकडे लागू झाला. १९११ च्या सुधारित कायद्याने त्याची व्याप्ती देशभर नेली आणि १९२४ मध्ये तो पुन्हा एकत्र बांधला गेला. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा विणकर, तेव्हा चोरी करणाऱ्याचा मुलगा चोर, असा सोपा हिशेब मांडून जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून जाहीर झाल्या. रानोमाळ फिरून शिकार करणारे, टोपल्या विणणारे, जनावरांचा व्यापार करणारे, खेळ करून पोट भरणारे कितीतरी लोक त्यात आले. सरकारने एकदा जाहीर केले की ते बरोबर की चूक हे न्यायालयाला विचारता येत नसे. नोंद झालेल्यांच्या बोटांचे ठसे घेतले जात, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि गाव सोडताना पास लागे. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गुन्हा शाबीत झाला तर इतरांपेक्षा कितीतरी जबर शिक्षा होई. सहा वर्षांपासून अठरा वर्षांपर्यंतची मुले आईबापांपासून काढून वेगळ्या शाळांत ठेवण्याचा अधिकारही या कायद्याने सरकारला दिला होता.

याच कायद्याखाली मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी सेटलमेंट उभ्या राहिल्या. सोलापूरची त्यांतली मोठी. पारधी, कैकाडी, टकारी, मांग गारुडी, कंजारभाट अशा अनेक जमातींची कुटुंबे इथे आणली गेली. काही काळ तिची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे होती. आत शाळा होती, कामधंद्याचे शिक्षण होते आणि हजेरीही होती. सोलापूरच का, याचे उत्तर शहराच्या धुरांड्यांत होते. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या निघाल्या. गिरण्यांना हात हवे होते आणि सरकारला ही माणसे नजरेखाली हवी होती. तारेआडून माणसे गिरणीत जात, पाळी भरत आणि पुन्हा तारेआड येत. सोलापूरच्या ज्या चादरीची, ज्या कापडाची आपण कौतुके करतो, त्या गिरणगावाच्या इतिहासाच्या वस्त्रात हेही एक सूत आहे.

सगळ्यांनीच हे मुकाट्याने चालू दिले असे नाही. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची हजेरी १९१८ मध्ये बंद केली, त्यांना कामे आणि वस्तीला जागा दिली. माणसांवर विश्वास टाकून पाहणे शक्य होते, हे याच मुलखात एका राजाने दाखवून दिले होते.

सोलापूरला बंदिवानांचा मान राखणे ठाऊक नाही असेही नाही. १९३० साली या शहराने लष्करी कायदा सोसला. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी झाली. न्यायालयाने त्यांना गुन्हेगार ठरवले होते, शहराने हुतात्मे मानले. म्हणजे सरकारी शिक्का नाकारण्याची धमक या शहरात होती. पण त्याच काळात, त्याच शहरात, ज्यांच्यावर खटलाही चालला नव्हता अशा शेकडो कुटुंबांवरचा शिक्का मात्र आपण खरा मानला. त्यांना काउतिबो म्हणायचे सोडून आपण त्यांना कात्तीवो केले.

<b>शिवी झालेली नावे</b>

हे अतिशयोक्त वाटत असेल तर आपलीच मराठी तपासून पाहावी. 'भामटा' हा शब्द आपण लुच्च्या माणसाला लावतो. मुलांच्या गोष्टींत भामटा असतो, वर्तमानपत्राच्या मथळ्यांत 'भामट्याने गंडा घातला' असते. भामटा हे महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या सरकारी यादीतल्या एका जातीचेही नाव आहे. त्याच यादीत त्या नावाखाली 'उचले' आहे, 'घंटीचोर' आहे. शाळेच्या दाखल्यावर, जातीच्या प्रमाणपत्रावर हे शब्द एखाद्या मुलाच्या नावापुढे येतात. आधी शिवी की आधी जात, हा वाद अभ्यासकांनी घालावा. पण वर्गात मास्तरांनी गोष्ट वाचताना 'भामटा' म्हटले की बाकीची मुले ज्याच्याकडे वळून पाहतात, त्या मुलाला या वादाचा काही उपयोग नाही.

आणि आपली ती म्हण! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. घरात कोणी चहात साखर जास्त घातली तरी आपण ती हसत म्हणतो. पण पोलीस चौकीत, गावच्या पारावर, एखाद्या पारध्याच्या पोराकडे पाहून ती म्हटली गेली की तीच १८७१ चा कायदा होते. त्या कायद्याचे सगळे तत्त्वज्ञान या एका म्हणीत मावते.

या माणसांनी पुढे स्वतःच लेखणी हाती घेतली, तेव्हा त्यांनी हे शब्द चुकवले नाहीत. कैकाडी समाजातल्या लक्ष्मण माने यांनी १९८० मध्ये आपल्या आत्मकथनाला 'उपरा' नाव दिले. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ मध्ये 'उचल्या' लिहिले. भीमराव गस्ती यांचे 'बेरड' आले. समाजाने फेकून मारलेला शब्दच त्यांनी उचलून मुखपृष्ठावर मांडला. 'उपरा' आणि 'उचल्या' या दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. मराठी घरांतल्या कपाटांत ही पुस्तके आली आणि ज्या शब्दाने आपण बोट दाखवत होतो, त्या शब्दातून माणूस बोलू लागला.

<b>जन्मच तारेआड</b>

स्पॅनिश शब्दाचा आणखी एक वापर इथे सांगितला पाहिजे, कारण तोच आपल्याला सेटलमेंटच्या सर्वांत जवळ नेतो. प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या वाघाच्या बछड्याबद्दल स्पॅनिशमध्ये म्हणतात, 'नासिदो एन काउतिबेरिओ', बंदिवासात जन्मलेला. आपल्याकडच्या बातम्यांतही हे शब्द असेच येतात. पण अर्जेंटिनात हेच शब्द फार निराळ्या अर्थाने उच्चारले जातात. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत तिथे हजारो तरुण-तरुणी बेपत्ता केल्या गेल्या. त्यांत गरोदर स्त्रिया होत्या. गुप्त छळछावण्यांत त्या बाळंत झाल्या, मुले काढून घेऊन दुसऱ्यांच्या घरी खोट्या नावांनी वाढवली गेली आणि आया पुन्हा कोणाला दिसल्या नाहीत. या मुलांच्या आज्यांनी १९७७ मध्ये संघटना उभी केली आणि त्या नातवंडांच्या शोधाला निघाल्या. आतापर्यंत १३० हून अधिक नातवंडांना आपण खरोखर कोण आहोत हे कळले आहे. तिथे 'बंदिवासात जन्मलेला' म्हणजे ज्याचे नाव चोरले गेले तो. दोष कोणाचा, याबद्दल त्या शब्दांत आज शंका उरलेली नाही.

सोलापूरच्या तारेआड जन्मलेल्या मुलाची गोष्ट याहून वेगळी होती. त्याला कोणी धरून आणले नव्हते. तो तिथे जन्मला एवढेच. त्याचे नाव कोणी चोरले नाही. उलट, जन्मण्याआधीच त्याच्यासाठी एक नाव तयार ठेवलेले होते. आपल्या मराठीत निरपराध जिवाला कोंडण्यासाठी एक जुनी सोय आहे, कोंडवाडा. चुकलेले जनावर तिथे नेतात. पण तिथून गाय सोडवून आणली की कोणी तिला गुन्हेगार गाय म्हणत नाही. एवढाही न्याय या मुलांना मिळाला नाही.

<b>तार तुटली, पुढे?</b>

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ मध्ये हा कायदा रद्द केला. केंद्र सरकारने अय्यंगार समितीचा अहवाल पाहून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून तो उठवला. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी. म्हणून विमुक्तांच्या वस्त्यांत आजही ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळतात. १९६० साली पंडित नेहरू सोलापुरात आले आणि त्यांच्या हातून सेटलमेंटची तार तोडली गेली, ही आठवण विमुक्तांच्या चळवळीत आजही सांगितली जाते. कुंपण गेले, त्या जागी 'फ्री कॉलनी' झाल्या. जगात बहुतेक वसाहती मोकळ्याच असतात. जिला आपण मोकळी आहोत हे पाटीवर लिहून सांगावे लागते, तिचा भूतकाळ त्या पाटीतच असतो.

इंग्रजीत या लोकांसाठी केलेला शब्द निव्वळ कागदी आहे. अधिसूचना निघाली होती, ती मागे घेतली, एवढेच तो सांगतो. मराठीने, हिंदीने 'विमुक्त' म्हटले. हा शब्द अधिक मायेचा आहे, यात शंका नाही. पण त्यातही एक मेख आहे. जो मुक्त झाला तो कधीतरी बांधलेला होता, हे तो शब्द विसरू देत नाही. सेर्व्हान्तेस सुटून घरी आला आणि लेखक झाला. जन्मभर त्याला कोणी 'सुटलेला' म्हणून हाक मारली नाही.

कायदा गेला तरी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे त्याच्या जागी आले. मुंबई राज्यात असा कायदा १९५९ मध्ये झाला. कागदावर आता जमातीचे नाव नव्हते, व्यक्तीचे होते. पण चोरी झाली की पहिली गाडी कुठल्या वस्तीकडे वळते, हे वस्तीतल्या म्हाताऱ्यांना कोणी सांगावे लागत नसे. सोलापूरशी जवळचे नाते असलेले बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये विमुक्त आणि भटक्यांच्या स्थितीचा अहवाल केंद्र सरकारला दिला. त्यानंतर दादा इदाते यांचा आयोगही झाला. शिफारशींची यादी लांब आहे. घर, रेशनकार्ड, दाखला, शाळा, या त्यातल्या गोष्टी तुमच्या-आमच्या घरात चर्चेचाही विषय नसतात.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका महत्त्वाच्या निकालात तुरुंगांच्या नियमावल्यांकडे लक्ष दिले. कैद्यांना जातीप्रमाणे कामे वाटून देणे घटनेविरुद्ध ठरवले. विमुक्त जमातींचे लोक म्हणजे जन्मतः सराईत गुन्हेगार, अशा अर्थाची वाक्ये त्या नियमावल्यांत राहून गेली होती. न्यायालयाने त्यांवरही बोट ठेवले आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितले. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे झाली होती. तोवर ते शब्द नियमांच्या पुस्तकांत सुखाने नांदत होते.

नियमावलीतले शब्द न्यायालयाला खोडता येतात. आपल्या घरातले, वर्गातले, मथळ्यांतले शब्द कोणते न्यायालय खोडणार? ते काम आपलेच आहे, आणि ते तसे अवघडही नाही. लबाड, लुच्चा, ठक, असे कितीतरी शब्द मराठीत आहेत. कोणाच्या जातीचे नाव घेतल्याशिवाय फसवणाऱ्याला फसवणारा म्हणता येते. कोणी आत आहे असे कळले की 'काय केले होते?' असे विचारण्याआधी 'कोणी ठेवले आणि कशाच्या आधारावर?' हेही विचारता येते. धरलेला माणूस आणि वाईट माणूस यांच्यातले अंतर जपणे, ही स्पॅनिश शब्दाची शिकवण एवढीच आहे.

येत्या ३१ ऑगस्टला घरातल्या मुलांनी विचारले नाही तरी त्यांना सांगावे, की आपल्या शहरात एका वस्तीला सेटलमेंट म्हणतात, तिथे एके काळी तारेचे कुंपण होते, आणि आतल्या मुलांनी काहीही केलेले नव्हते.